विशेष शाळेतील शिक्षकाला कोण शिकवणार?

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगाव हे आसपासच्या खेड्यांचे बाजाराचे गाव. समर्थ रामदासांची जन्मभूमी जांब याच तालुक्यातली. या परिसरातील एखाद्या शेतकऱ्याच्या घरी कर्णबधिर अथवा बौद्धिक दिव्यांग मूल असेल, तर कायद्याने त्याला आज पुष्कळ काही देऊ केले आहे. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते २१ झाले. ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क मिळाला. परंतु हा हक्क कागदावरून वर्गात नेणारा माणूस म्हणजे शिक्षक होय. पदविका हाती पडली त्याच दिवशी त्याचे स्वतःचे शिकणे थांबले असेल, तर हक्कांची यादी कितीही लांबली तरी मुलाच्या पदरात काय पडणार?

विशेष शिक्षकाने शिकत राहावे, हे तत्त्व नवे नव्हे. १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी अनिवार्य झाली आणि या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी मान्यताप्राप्त कार्यशाळांतून गुण मिळविण्याची अट आली. हेतू निःसंशय चांगला. तथापि या व्यवस्थेत शिकण्याचा सारा भार व्यक्तीवर पडतो. प्रवासखर्च, रजा, मागे राहिलेला वर्ग हे प्रश्न शिक्षकाचे खासगी प्रश्न ठरतात. अशा वेळी कार्यशाळा ही ज्ञानासाठी न राहता प्रमाणपत्रासाठी उरली, तर दोष केवळ शिक्षकाच्या माथी मारता येणार नाही.

शिकत राहण्याची गरज मात्र खरी आहे. कर्णबधिरांच्या शाळांतून दीर्घकाळ ओठांच्या हालचाली वाचणे आणि वाणी घडविणे यांवरच भर होता. खुणांची भाषा ही जणू आळसाची वाट मानली जाई. आज भारतीय सांकेतिक भाषेकडे स्वतंत्र भाषा म्हणून पाहिले जाते. २०१५ मध्ये तिच्या संशोधन व प्रशिक्षणासाठी दिल्लीत केंद्र स्थापन झाले आणि २०२१ मध्ये त्या केंद्राच्या शब्दकोशाने १०,००० शब्दांचा टप्पा गाठला. तीस वर्षांपूर्वी प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकाला ही भाषा कोणी शिकविली? स्वमग्नतेचेही तेच. १९९५ च्या कायद्यात तिचा उल्लेख नव्हता. २०१६ च्या कायद्यात तिला स्थान मिळाले. कायदा बदलला म्हणून अध्यापनपद्धती आपोआप बदलत नाही.

शिकविणाऱ्या संस्था देशात नाहीत असे नाही. मुंबईत श्रवणदोषाच्या क्षेत्रातील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून, तर सिकंदराबादला बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था १९८४ पासून काम करीत आहे. घनसावंगीच्या शिक्षकाला परतूर स्थानक गाठून रेल्वेने सिकंदराबादला जाता येईलही. पण मोजक्याच शिक्षकांच्या शाळेतून एक जण आठवडाभर गेला, तर त्याच्या वर्गातील मुलांकडे कोणी पाहावयाचे?

निवासी शाळांत आणखी एक वर्ग विस्मरणात जातो, तो काळजीवाहकांचा. मुलांना जेवू घालणे, आंघोळ, झोप, रात्री आलेली फीट हे सारे त्यांच्या हाती. परिषदेचे गुण शिक्षकासाठी. ज्याच्या कुशीत मूल रात्र काढते, त्याच्यासाठी काय?

प्रशासनाची घडीही या दुर्लक्षाला हातभार लावते. सर्वसाधारण शाळांचे शिक्षक शालेय शिक्षण विभागाच्या छत्राखाली असून त्यांच्यासाठी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा केली. विशेष शाळा मात्र समाजकल्याणाच्या कक्षेत वाढल्या. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला, हे पाऊल स्वागतार्हच. परंतु शिक्षण एका विभागाकडे आणि कल्याण दुसऱ्याकडे ही विभागणी तशीच राहिली, तर विशेष शिक्षक दोन्ही दारांबाहेर उभा राहतो.

घरबसल्या संगणकावर सारे शिकता येते, असा युक्तिवाद आता केला जातो. माहितीपुरता तो खरा आहे. परंतु मेंदूच्या पक्षाघाताने आखडलेल्या मुलाला कसे बसवावे, त्याला घास कसा भरवावा, हे पडद्यावर पाहून हाताला येत नाही. हे कसब जाणत्याच्या देखत, त्याच मुलासोबत, चुका सुधारीत शिकावे लागते.

म्हणूनच प्रशिक्षकानेच शाळेत यावयास हवे. जिल्ह्यातील विशेष शाळांनी मिळून एक प्रशिक्षक बोलावावा; त्याने प्रत्येक शाळेत काही दिवस राहावे; काळजीवाहकांनाही त्यात सामील करावे; त्याचा खर्च अनुदानात धरावा आणि बाहेर प्रशिक्षणाला जाणाऱ्याच्या जागी बदली शिक्षक द्यावा. शाळेची तपासणी करताना हजेरीपटाबरोबर कर्मचारी वर्षभरात काय शिकले, हेही विचारले जावे. यासाठी नवा कायदा नको. दोन विभागांनी एकत्र बसून काढलेला एक शासननिर्णय पुरेसा आहे. कुंभार पिंपळगावच्या मुलाचा हक्क दिल्लीत मंजूर झाला. तो खरा ठरेल की नाही, याचा निकाल त्याच्या शिक्षकाला आणि काळजीवाहकाला काय येते, यावरच लागणार आहे.