तुटलेली पट्टी

आमच्या घरातल्यांना ही गोष्ट तुकड्यातुकड्याने माहीत आहेच. पण पूर्ण कुणालाच माहीत नाही, कारण त्यातला एक तुकडा मी आत्तापर्यंत लपवून ठेवला होता. तो आज सांगून टाकतो.

नानांची पद्मिनी तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. 1986 चं मॉडेल. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी करणाऱ्या माणसाने 1994 मध्ये कर्ज काढून सेकंड हँड घेतलेली. स्टिअरिंगजवळचा हाताचा गिअर, पुढे सोफ्यासारखी सलग सीट, आणि त्या सीटवर नाना, आई आणि मधे मी. कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनणं 2000 च्या सुमारास थांबलं. मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा नाना टीव्हीसमोर बसून एवढंच म्हणाले, "आपली आहे अजून."

आणि मागच्या वर्षी ती 'आपली' गाडी धूर ओकायला लागली. निळा धूर. गांधी चमनला सिग्नलला थांबलो की मागचे दुचाकीवाले तोंडाला रुमाल लावायचे. इंजिनाखाली फरशीवर तेलाचे डाग. आणि ऑइल तर महिन्याला अर्धा लिटर प्यायची! दर रविवारी पट्टी काढावी तर कोरडी, किंवा खालच्या खुणेच्याही खाली. की मी ओतलंच.

एका गॅरेजवाल्याला दाखवली. त्याने बॉनेट उघडलं, धूर पाहिला आणि निकाल दिला: "रिंगा गेल्यात. बोअर करावं लागेल. इंजिन खोलायचं, पंचेचाळीस हजार धरा." वर सल्ला, "त्यापेक्षा भंगारात द्या."

आता जालन्यात भंगार म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्या एमआयडीसीत भट्ट्या आहेत. देशभरातलं भंगार इथे येतं, वितळतं आणि सळई होऊन बाहेर पडतं. म्हणजे नानांची गाडी आठवड्याभरात कुणाच्या तरी स्लॅबमध्ये गेली असती. धाकट्या भावाने पुण्याहून फोनवर सांगितलं, देऊन टाक. मीही मनातून तयार झालो होतो.

नाना तेवढे एकच वाक्य धरून बसले होते. "इंजिन चांगलं आहे. आवाज ऐक तिचा."

आम्ही काय केलं? एकमेकांकडे बघून हसलो. वय 79. एका कानाला यंत्र. म्हणे आवाज ऐक! :-)

शेवटी त्यांची समजूत काढायची म्हणून जुन्या जालन्यातल्या चाचांकडे गाडी नेली. चाचा आता फारसं काम करत नाहीत, पण गुरुजींची गाडी म्हटल्यावर उठले. त्यांनी धुराकडे पाहिलंही नाही. आधी इंजिन बंद करायला लावलं, गाडी सपाट जागी घेतली, पाच-दहा मिनिटं चहात घालवली. मग पट्टी काढली, फडक्याने पुसली, पूर्ण आत घातली, परत काढली. आणि तेलाकडे न बघता पट्टीकडेच बघत बसले.

"भाऊ, हिच्यावर दोन खुणा पाहिजेत. दुसरी कुठंय?"

मी म्हटलं, ही काय खालची. "ही खालची कशावरून?" म्हणाले. "टोकाजवळ आहे म्हणून?"

आत जाऊन त्यांनी डब्यातून दुसऱ्या एका पद्मिनीची जुनी पट्टी शोधून आणली. दोन्ही शेजारी धरल्या. आमची चांगली दोन बोटं आखूड! खालचं टोक किमान पातळीच्या खुणेसकट तुटून गेलेलं. जी एक खूण उरली होती ती वरची, म्हणजे कमाल पातळीची होती. आणि मी ती किमान समजून, दर रविवारी, तिच्याही वर तेल भरत होतो.

पुढचं सगळं आपोआप उलगडलं. तेल प्रमाणापेक्षा जास्त झालं की फिरणारी क्रँक त्यात बुडते आणि ते रवीने घुसळल्यासारखं घुसळते. फेस होतो. तेल नको तिथे उडतं, सीलमधून झिरपतं, रिंगांच्या वर जाऊन जळतं. म्हणून निळा धूर, म्हणून डाग. जास्तीचं जळून गेलं की पातळी खाली यायची, तुटकी पट्टी कोरडी निघायची, आणि मी पुन्हा ओतायचो. गाडी तेल पीत नव्हती हो, मी पाजत होतो!

चाचांनी दुसरी गोष्ट पाहिली ती तुटलेली कड. नवी तुटलेली असती तर चकाकली असती. ही काळी पडली होती, म्हणजे तुटून बरेच दिवस झाले. तरी ते म्हणाले, तुकडा आत पडला असेल तर खात्री केल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. खालचं चेंबर उतरवलं. तुकडा नव्हता. काढलेलं तेल मोजलं, तर पुस्तकात दिलेल्यापेक्षा जवळजवळ दीड लिटर जास्त. मग चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेज लावून पाहिलं. चारही जवळपास सारखे, आणि ठणठणीत. नवं पॅकिंग, पुस्तकाप्रमाणे मोजून नवं तेल, आणि डब्यातली ती जुनी पट्टी. पंचेचाळीस हजारांचं काम साडेतीन हजारांत झालं. धूर चारेक दिवसांत गेला.

आता लपवलेला तुकडा. नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत तेल तेच बघायचे. नंतर ते काम माझ्याकडे आलं. तेव्हाच कधीतरी, बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा थर खरवडायला हाताशी काही सापडेना म्हणून मी तीच पट्टी वापरली होती. वाकली, तर उलटी वाकवून सरळ केली. टोक तेव्हाच अंगणात कुठेतरी पडलं असणार. म्हणजे माप मीच मोडलं आणि दोष इंजिनाला दिला.

माझं म्हणणं एवढंच आहे. एखादी गोष्ट बिघडली असं मोजमाप सांगत असेल, तर आधी मोजमाप तपासावं. हे सुचत नाही, कारण मापावर संशय घ्यायची आपल्याला सवयच नसते. आमच्या घाणेवाडीच्या निजामकाळातल्या तलावाचंच बघा ना. पट्टीवर पाण्याची उंची दिसते, पण तळाशी गाळ किती साचलाय ते पट्टी सांगत नाही. फूट तेवढेच आणि पाणी कमी. 2012-13 च्या दुष्काळाच्या आसपास लोकांनीच पुढे होऊन गाळ काढला, तेव्हा कुठे तळ किती वर आला होता ते कळलं. पावसाचंही तेच. दिवसात 65 मिलीमीटर झाला तर अतिवृष्टी. पण मोजणारं यंत्र मंडळाच्या गावी, आणि पाऊस पलीकडच्या शिवारात! शेतकरी म्हणतो पीक वाहून गेलं, कागद म्हणतो पाऊसच नाही. अशा वेळी आपण माणसालाच खोटं ठरवतो, यंत्राला कधीच नाही.

कुणी म्हणेल, मग काय प्रत्येक मापावर संशय घेत बसायचं? तसं नाही. मापाशिवाय नुसत्या 'आवाज ऐक'वर मी तरी इंजिन चालवणार नाही. चाचांनीही शेवटी मोजूनच सिद्ध केलं. पण माप एक सांगतंय आणि तीस वर्षं ती गाडी चालवलेला माणूस दुसरं सांगतोय, तर हसण्याआधी पट्टी एकदा उलटसुलट करून बघायला पाच मिनिटं लागतात. तेवढी मी नानांसाठी काढली नाहीत, ही टोचणी आहे.

हे सगळं नानांना परवा सांगितलं, बॅटरीच्या टर्मिनलसकट. ते रागावले नाहीत. म्हणाले, "पट्टी पुसून ठेवलीस ना?"

असो. कुणाकडे पद्मिनीची अस्सल, दोन्ही खुणा शाबूत असलेली पट्टी पडून असेल तर कळवा. एक जास्तीची घरात असलेली बरी.