कोणाच्याच खातीं न पडणारी घट

कचेरींत काम करणाऱ्या आमच्या तरुण वाचकांना ‘कायझेन’ हा जपानी शब्द आतां नवा राहिलेला नाहीं. कालच्याहून आज किंचित् बरें करीत राहणें, इतकाच त्याचा अर्थ. परंतु मासाकी इमाई यांचें त्या नांवाचें इंग्रजी पुस्तक १९८६ सालीं निघाल्यापासून तक्ते, पायऱ्या आणि पारितोषिकें यांचें एवढें रान माजलें आहे कीं मूळ गोष्टच दृष्टीआड व्हावी. संस्कृतांत ‘योगक्षेम’ असा एक जोडशब्द आहे. न मिळालेलें मिळविणें तो योग, मिळालेलें राखणें तो क्षेम. उत्कर्षाच्या या साऱ्या पद्धति योगाची भाषा बोलत असल्या, तरी त्यांचें खरें सत्त्व क्षेमांत आहे असें आम्हांस वाटतें. याचें उदाहरण पाहण्यास जपानास जाण्याचें कारण नाहीं. बारामती तालुक्यांतील सोमेश्वरनगर पुरें आहे.

नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला हा ऊसपट्टा. सोमेश्वराचें नांव घेऊन येथें सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोंवतीं नगर वसलें. शेतकरीच सभासद, म्हणजे शेतकरीच मालक. राज्यांतील सर्वच सहकारी कारखान्यांची ही व्यवस्था एकत्र कुटुंबासारखी आहे. चूल एक, हिस्सेदार हजारों. आणि एकत्र कुटुंबाचा जो दोष तोच हिचाही. जें नुकसान सर्वांचें, तें कोणाचेंच नसतें.

कारखान्यांत शिरलेल्या उसांतली सगळी साखर पोत्यांत जात नाहीं. कांहीं चिपाडांत राहते, कांहीं रस निवळल्यावर उरणाऱ्या गाळांत, आणि पुष्कळशी मळींत. प्रयोगशाळेंत या तिन्हींची मोजणी होते. इतकें करूनही जमाखर्च जुळत नाहीं, तेव्हां उरलेला आकडा ‘अज्ञात घट’ या सदरांत मांडावा लागतो. गळकी नळी, फार तापलेला रस, सांडलेला पाक, मोजमापांतील चूक, सारें त्यांत आलें. आम्हांला हें सदर फार आवडतें. जें कळलें नाहीं त्याला स्वतंत्र ओळ देऊन तें डोळ्यांसमोर ठेवावयाचें, याहून प्रामाणिक हिशेब कोणता? संसाराच्या किती वह्यांत अशी ओळ सांपडेल?

परंतु फाटकाबाहेर होणाऱ्या घटीला ही ओळ नसते. ऊस तोडला कीं त्याचा ऱ्हास सुरू झालाच. त्यांतील पाणी उडतें, म्हणून वजन घटतें. हें नुकसान एकट्या शेतकऱ्याचें. त्याच वेळीं त्यांतील साखर फुटून द्राक्षशर्करा व फलशर्करा तयार होतात. त्यांचा दाणा बनत नाहीं, त्या मळींत जातात, आणि उतारा खालीं येतो. हें नुकसान सर्वांचें. म्हणूनच तोडीपासून चोवीस तासांच्या आंत गाळप व्हावें असें जाणते सांगतात.

आतां रुपयांत पाहूं. २०२५-२६ च्या हंगामासाठीं केंद्र सरकारनें सव्वादहा टक्के उताऱ्यास क्विंटलमागें ३५५ रुपये दर ठरविला, आणि त्यापुढील दर दशांश टक्क्यास ३ रुपये ४६ पैसे अधिक. समजा, सव्वादहाच्या वर उतारा असलेल्या एखाद्या कारखान्यानें १० लाख टन ऊस गाळला. तेथें उतारा अवघा एक दशांश टक्का वाढला तरी १००० टन साखर अधिक निघते, आणि उसाची रक्कम ३ कोटी ४६ लाख रुपयांनीं वाढते. मात्र उतारा धरावयाचा तो सरासरीचा. ज्यानें पक्व ऊस स्वच्छ सोलून त्याच दिवशीं धाडला आणि ज्याचा ऊस दोन दिवस बांधावर वाळला, त्या दोघांना दर एकच. मग झटावें कोणीं?

टोयोडा साकिची यांच्या १९२४ सालच्या स्वयंचलित मागाचा एक विशेष असा कीं धागा तुटतांच तो आपोआप थांबे. ‘कां?’ हा प्रश्न पांच वेळां विचारण्याची रीत त्यांच्याच नांवावर सांगतात. ती येथें लावून पाहूं. उतारा कां घसरला? ऊस शिळा आला. कां? गाड्या आवारांत खोळंबल्या. कां? गाळपाच्या गतीपेक्षां तोड अधिक झाली. कां? तोडीचा आणि गाळपाचा मेळ कोणी तासागणिक घालीत नाहीं. कां? टोळीची मजुरी टनावर ठरते. ताजेपणाला तींत मोल नाहीं. आपल्या घरीं महिन्याची साखर विसाव्या दिवशीं संपली तर आपण ‘कोणीं?’ असें विचारतों, आणि उत्तरादाखल एखादी सून किंवा एखादें पोर सांपडतें. ‘कां?’ विचारलें असतें तर कदाचित् डब्याचें झांकणच सैल निघालें असतें.

या सांखळीची पहिली कडी तर माणूस म्हणून मोजलीही जात नाहीं. बीडसारख्या जिल्ह्यांतून येणारें ऊसतोड जोडपें, नवरा-बायको मिळून, ‘एक कोयता’. पहांटेच्या थंडींत फडांत उतरणाऱ्या त्या बाईला कोणती मोळी सुकत पडली आहे हें कारखान्याच्या चिटबॉयच्या आधीं दिसतें. तिला विचारतो कोण? दोष दिसला कीं काम थांबविण्याचा अधिकार तळच्या कामगारालाही असावा, हें तर जपानी पद्धतीचें मर्म. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट उत्तम कारखान्यांना पारितोषिकें देते. तीं मिळविणें भूषणच आहे. तथापि आम्हांला अधिक मोलाची वाटते ती एक साधी नोंद. चिठ्ठीवर टनांच्या शेजारीं तोडीचा तास असावा, तो टोळीनें सांगावा, आणि वेळेंत पोंचलेल्या उसाबद्दल टोळीला चार पैसे निराळे मिळावेत. मग अज्ञात घटीची एक ओळ फाटकाबाहेरही मांडतां येईल. पहिल्या हंगामांत तो आकडा मोठा दिसेल, आणि वार्षिक सभेंत त्यावर आरडाओरडाही होईल. होऊं द्यावा.