आगगाडीचे उपकार

इंग्रजी राज्याने ह्या देशास काय दिले, असा प्रश्न सुशिक्षित मंडळींच्या बैठकीत निघाला की एक उत्तर ठरलेलेच असते: आगगाडी. विद्यापीठे, न्यायालये, वृत्तपत्रे ह्यांच्या जमाखर्चात कोणी काही वजा करतो, कोणी काही मिळवतो. परंतु आगगाडीचे नाव निघताच कट्टर देशाभिमानीही क्षणभर गप्प होतो आणि ‘एवढे तरी मान्य केलेच पाहिजे’ असे पुटपुटतो. आमच्या मते जे ‘एवढे तरी’ म्हणून मान्य करण्यात येते, तेच सर्वांत आधी तपासून पाहिले पाहिजे. आगगाडी हे यंत्र आहे, आणि यंत्राबद्दल कृतज्ञ व्हावयाचे तर ती कृतज्ञता वाफेस कामाला जुंपणाऱ्या कारागिरांस पोचते. राज्यकर्त्यांनी जे दिले ते म्हणजे कायदा: रूळ कोणी टाकावे, कोणाच्या जमिनीवर टाकावे, नफा कोणी घ्यावा आणि तोटा कोणी सोसावा ह्याचा ठराव. उपकाराचे माप घ्यावयाचे तर ते ह्या ठरावाचे घेतले पाहिजे.

ठराव जेथे झाला तेथूनच आरंभ करू. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीस जन्म देणारा अधिनियम ब्रिटिश पार्लमेंटात १ ऑगस्ट १८४९ रोजी संमत झाला. ज्या मुलखातून हा लोखंडी रस्ता जावयाचा होता, त्या मुलखातील रयतेचा एकही प्रतिनिधी त्या सभागृहात नव्हता. मुंबईस जगन्नाथ शंकरशेट व जमशेटजी जिजीभाई ह्यांनी १८४५ पासून ह्या कामी खटपट केली होती, व तिचे श्रेय त्यांस दिलेच पाहिजे. परंतु अटी ठरल्या त्या लंडनमध्ये. अधिनियमामागोमाग १७ ऑगस्टला ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला. त्यात भागीदारांच्या भांडवलावर दरसाल दरशेकडा ५ व्याजाची हमी होती. जमीन फुकट मिळावयाची होती. मुदत ९९ वर्षांची होती. शिवाय असे एक कलम होते की, धंदा किफायतीचा नाही असे वाटल्यास कंपनीने रस्ता सरकारच्या गळ्यात घालावा आणि आपले भांडवल परत घेऊन मोकळे व्हावे.

ह्या अटींचा अर्थ घरगुती भाषेत सांगतो. एखाद्या गृहस्थाने दुकान काढावे. जागा शेजाऱ्याने फुकट द्यावी. विक्री झाली नाही तर व्याज शेजाऱ्याने भरावे. आणि दुकान बुडीत निघालेच तर मुद्दलही शेजाऱ्यानेच परत करावे. असा व्यवहार आपल्या गावात कोणी सांगितला तर आपण त्यास व्यापार म्हणू काय? येथे शेजारी म्हणजे हिंदुस्थानचा शेतकरी, आणि व्याजाची तूट भरून निघाली ती त्याच्या शेतसाऱ्यातून. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी २१ मैल धावली, तेव्हाच्या तोफांचे व बँडाचे वर्णन आपल्या पाठ्यपुस्तकांत असते. कराराची कलमे त्यांत नसतात. हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थसचिव विल्यम मॅसी ह्यांनी १८७२ साली पार्लमेंटच्या समितीपुढे जी साक्ष दिली, तिचा आशय असा की, ५ टक्क्यांची हमी मिळालेल्या भागीदारास आपला पैसा हुगळी नदीत फेकला काय किंवा विटाचुन्यात घातला काय, सारखेच होते. हे उद्गार कोणा राष्ट्रीय सभेच्या वक्त्याचे नव्हेत. तिजोरीच्या किल्ल्या ज्याच्या कमरेस होत्या त्याचे आहेत. आपल्याकडे गणेश व्यंकटेश जोशी ह्यांनी हिशेब मांडून दाखविले की, रेल्वेवरील हा खर्च म्हणजे हिंदुस्थानने ब्रिटिश उद्योगधंद्यांस दिलेले साहाय्य होय.

व्याज घेणाऱ्यास निर्भय करणारा कायदा झाला. मग खोदणाऱ्यासाठी कोणता झाला? बोरघाटाचे काम १८५६ मध्ये सुरू होऊन १८६३ मध्ये पुरे झाले. पटकी, ताप, सुरुंग व दरडी ह्यांनी त्या कामावर हजारो माणसे मेली. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून तेथे दंगा झाला, आणि पुढल्याच वर्षी १८६० चा नववा अधिनियम निघाला. रेल्वे आदी सार्वजनिक कामांवरील मालक व मजूर ह्यांच्या तंट्यांचा झटपट निकाल लावणे हा त्याचा हेतू. मजुरीची फिर्याद मॅजिस्ट्रेटापुढे नेण्याची सोय त्यात होती, हे आम्ही लपवीत नाही. परंतु कबूल केलेले काम सोडून जाणाऱ्या मजुरास शिक्षेची तरतूदही त्यातच होती. भागीदारास करारातून हवे तेव्हा बाहेर पडण्याचा हक्क, आणि पाथरवटाने करार मोडला तर तो गुन्हा! एकाच रस्त्याची ही दोन टोके आहेत.

येथवरची कथा ब्रिटिश मुलखाची. आमचा जालना त्या वेळी निजामाच्या राज्यात होता, आणि तेथे तर पार्लमेंटाच्या अधिनियमाचाही आडपडदा नव्हता. वाडी ते सिकंदराबाद हा पहिला मार्ग १८७४ मध्ये सुरू झाला. पुढे १८८३ मध्ये तो लंडनच्या एका कंपनीच्या हवाली करण्याचा घाट घातला गेला: निजाम सरकारने २० वर्षे ५ टक्क्यांची हमी द्यावी आणि कंपनीने मार्ग चालवावा व वाढवावा. १८४९ चाच साचा, माती तेवढी दुसरी. ह्या योजनेस हैदराबादेत उघड विरोध झाला. त्यात पुढाकार घेणारांपैकी एक अघोरनाथ चट्टोपाध्याय, म्हणजे सरोजिनी नायडू ह्यांचे वडील. कराराच्या अटी लोकांपुढे मांडून चर्चा व्हावी, एवढीच मुळात मागणी. तिचे फळ म्हणून त्या विद्वान प्राध्यापकास १८८३ मध्ये राज्याबाहेर घालविण्यात आले. ह्याच सुमाराच्या खाणींच्या मक्त्याचे प्रकरण इतके नासले की १८८८ मध्ये पार्लमेंटास चौकशीची समिती नेमावी लागली. पण रेल्वेचा करार तोवर पक्का झाला होता.

ह्या कंपनीच्या व्यवस्थेखाली हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे झाली. सुमारे ३९० मैलांचा हा मार्ग १८९९ ते १९०१ ह्या काळात टप्प्याटप्प्याने खुला होऊन परभणी, जालना, औरंगाबाद ह्यांवरून मनमाडास मिळाला. जालन्यास आगगाडी आली, कापसाचा व्यापार वाढला, ‘जालना सोने का पालना’ ही म्हण सार्थ झाली, असे अभिमानाने सांगण्यात येते. व्यापार वाढला हे खरेच आहे. परंतु मार्ग मीटर रुंदीचा, आणि मनमाडास भेटणारा मार्ग साडेपाच फूट रुंदीचा! जालन्याच्या पेठेतील रुईची प्रत्येक गाठ मनमाडास एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावी लागे. ती हमाली, तो खोळंबा आणि ती नासाडी शेवटी कापसाच्या भावातून, म्हणजे शेतकऱ्याच्याच पदरातून वसूल होत असे. स्वस्तात मार्ग बांधल्याचा लाभ एकदाच झाला. त्याचा दंड मराठवाड्याने १९९० च्या दशकात रूळ रुंद होईपर्यंत, नव्वद वर्षे भरला.

सार्वभौमत्वाची गोष्ट तर आणखी चमत्कारिक. निजामाच्या राज्यातील रेल्वेच्या जमिनीवरील दिवाणी व फौजदारी अधिकार ब्रिटिश सरकारने आपणांकडे घेतला होता. राज्य निजामाचे, व्याजाची हमी निजामाची, पण फलाटावर पाऊल ठेवताच सत्ता दुसऱ्याची. १८९५ मध्ये शंकरपल्ली स्थानकावर महंमद युसुफउद्दीन नामक निजामाच्या प्रजाजनास सिमल्याच्या मॅजिस्ट्रेटाच्या वॉरंटावरून पकडण्यात आले. आरोपाचा रेल्वेशी काडीइतकाही संबंध नव्हता. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले व १८९७ मध्ये ती अटक बेकायदा ठरली. रेल्वेपुरता दिलेला अधिकार रेल्वेपुरताच, असे लंडनच्याच न्यायाधीशांस आपल्या अधिकाऱ्यांना बजावावे लागले. रुळांबरोबर काय काय येत होते, हे ह्यावरून समजावे.

आता प्रतिपक्षाचे दोन आक्षेप विचारात घेऊ. पहिला असा की, आगगाडी नसती तर दुष्काळात माणसे अधिक मेली असती. लोहमार्ग झाल्यावर निरनिराळ्या प्रांतांतील धान्याच्या भावांतील तफावत कमी झाली, हे आम्हांस मान्य आहे. परंतु १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये व मद्रास इलाख्यात रूळ असूनही लाखो माणसे मेली. रूळ दोन्ही दिशांनी धावतात. ज्या गावात पैसा नाही त्या गावातून धान्य बाहेर नेण्यासही ते तितकेच तत्पर असतात. आणि जो लाभ झाला तो लोहमार्गाचा आहे. हमीच्या कलमाने एकही पोते वाहून आणले नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. हमी दिली नसती तर भांडवलच आले नसते, असे म्हणतात. ह्यास उत्तर खुद्द हिंदुस्थान सरकारनेच दिले आहे. गव्हर्नर जनरल लॉरेन्स ह्यांनी हमीपद्धतीवर कडक टीका केली, आणि १८६९ पासून सरकारने स्वतः कर्ज काढून मार्ग बांधण्यास आरंभ केला; ते कर्ज हमीच्या व्याजाहून स्वस्त पडले. जपाननेही लंडनमध्येच कर्ज उभारले. परंतु १८७२ मध्ये सुरू झालेला शिम्बाशी-योकोहामा मार्ग त्याने स्वतःच्या मालकीचा ठेवला. भांडवल परके असणे हा दोष नव्हे. भांडवलाच्या अटी ज्यांनी फेडावयाच्या त्यांस न विचारता ठरविणे हा दोष होय.

कोणी म्हणेल, हे सारे गेले. १९३० मध्ये निजाम सरकारने कंपनीचा ताबा संपविला, पुढे देश स्वतंत्र झाला, जालना स्वतंत्र जिल्हा होऊनही १९८१ पासून चार दशके लोटली. जुनी मढी कशास उकरता? कारण साचा गेलेला नाही. १८९० च्या रेल्वे अधिनियमाचे सातवे कलम पाहावे: इतर कोणत्याही अधिनियमात काहीही असले तरी रेल्वे प्रशासनास जमिनी, रस्ते, टेकड्या, नद्या ह्यांवरून वा खालून बांधकाम करता येईल. स्वतंत्र भारताने ९९ वर्षांनी, १९८९ मध्ये, नवा अधिनियम केला. त्याच्या अकराव्या कलमात तेच वाक्य जवळजवळ जसेच्या तसे उतरले आहे. जमिनीसंबंधीच्या कायद्याचे बंधन दोन्हीकडे आहे, हे खरे. पण ते बंधन किती? २००८ च्या दुरुस्तीने ‘विशेष रेल्वे प्रकल्पां’साठी निराळे प्रकरण घातले, त्यात अधिसूचनेपासून ३० दिवसांत हरकत घ्यावयाची आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास आवश्यक ठरविला, परंतु रेल्वे अधिनियमाला चौथ्या अनुसूचीत घालून त्यातून सूट दिली. पुढे मोबदल्याचे नियम लागू झाले. विचारण्याचे झाले नाहीत. शेतकऱ्यास दाम मिळावा हे ठरले. त्याचे म्हणणे ऐकून मग मार्ग आखावा, हे अजून ठरले नाही.

हा प्रश्न आमच्या जिल्ह्याच्या दाराशी उभा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १७४ किलोमीटरच्या जालना-जळगाव मार्गास ७,१०६ कोटी रुपये खर्चाची मंजुरी दिली. भोकरदन, सिल्लोड, अजिंठा ह्या भागांत प्रथमच रूळ पडणार. हा मार्ग आम्हांस हवा आहे, आणि लवकर हवा आहे. परंतु पेढे वाटण्यापूर्वी चार प्रश्न विचारण्यास काय हरकत आहे? आखणी अशीच का? मालवाहतुकीचे अंदाज कोणते? कोरडवाहूची जमीन किती जाणार आणि विहिरीखालची किती? दुभंगलेल्या शेतास पलीकडे जाण्याची वाट कोण देणार? ही उत्तरे मराठीत छापून प्रत्येक ग्रामसभेपुढे ठेवावीत, आणि तीस दिवसांची मुदत त्यानंतर मोजावी. ह्यात विकासास विरोध कोठे आहे?

खामगावास १८७० मध्ये रूळ पोचले, जालन्यास १९०० च्या सुमारास. दोन्ही गावे कापसाची. अंतर शंभर मैलांच्या आसपास. दोन्हीकडचे रूळ मुंबई बंदराची वाट धरून गेले. एकमेकांकडे जाणारा रूळ पिढ्यानपिढ्यांच्या मागणीनंतरही आजवर पडलेला नाही. ज्यांनी कायदा केला त्यांच्या सोयीने नकाशा झाला, ह्याहून निराळा पुरावा काय द्यावा? आगगाडीचे उपकार मानणे आता पुरे झाले. १८८३ मध्ये एका प्राध्यापकाने करार वाचावयास मागितला म्हणून त्यास राज्याबाहेर काढण्यात आले. आज कोणी कोणास हद्दपार करीत नाही; मागितले तर कागद मिळतात. न मागणे ही मात्र आपलीच निवड असेल, आणि तिचा दोष कोणत्याही पार्लमेंटावर ढकलता येणार नाही.