तुरुंगातला उमेदवार ३७ मतांनी जिंकला आणि आयर्लंडचं राजकारण फिरलं : साऊथ लाँगफर्ड मतदारसंघाची गोष्ट

जुलै २०२४ मध्ये ब्रिटनची सार्वत्रिक निवडणूक झाली. उत्तर आयर्लंडच्या वाट्याला असलेल्या १८ जागांपैकी सर्वाधिक ७ जागा शिन फेन या पक्षाने जिंकल्या. पण हे सातही खासदार लंडनच्या संसदेत बसत नाहीत. शपथ घेत नाहीत, भाषण करत नाहीत, मतदान करत नाहीत. खासदारकीचा पगारही घेत नाहीत. आणि हे काही गुपित नाही. मत देणाऱ्याला आधीपासून ठाऊक असतं की, आपला माणूस जिंकला तरी सभागृहात जाणार नाही.

मग मत द्यायचं कशाला?

याचं उत्तर शोधायचं तर १०० वर्षांहून अधिक मागे जावं लागतं. तेही अशा एका मतदारसंघात, जो आता नकाशावर नाही. त्याचं नाव साऊथ लाँगफर्ड.

हा मतदारसंघ होता कुठे?

लाँगफर्ड ही आयर्लंडच्या मध्यभागातली छोटी काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी. तेव्हा अख्खा आयर्लंड ब्रिटनच्या ताब्यात होता आणि तिथले खासदार लंडनच्या संसदेत जायचे. १८८५ च्या मतदारसंघ फेररचनेत लाँगफर्डचे दोन तुकडे झाले, नॉर्थ आणि साऊथ. प्रत्येकी एक खासदार. १९१८ च्या फेररचनेत ते पुन्हा एक झाले. म्हणजे साऊथ लाँगफर्डचं आयुष्य जेमतेम ३३ वर्षांचं.

या ३३ वर्षांत तिथे एकाच विचाराची चलती होती. आयर्लंडला ब्रिटिश साम्राज्यात राहून स्वतःची संसद मिळावी, म्हणजे ‘होम रूल’ मिळावा, असं म्हणणाऱ्या आयरिश पार्लमेंटरी पार्टीची. (टिळक आणि बेझंट यांच्या होम रूल लीगला नाव आलं ते याच आयरिश चळवळीवरून.) पक्षाची पकड एवढी की बाहेरून आणलेला माणूसही निवडून यायचा.

त्यातला सगळ्यात लांबून आलेला माणूस म्हणजे एडवर्ड ब्लेक. हे गृहस्थ चक्क कॅनडाचे. ओंटारिओ प्रांताचे माजी प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्रीच म्हणा, आणि कॅनडाच्या लिबरल पक्षाचे माजी नेते. आई-वडील आयर्लंडहून गेलेले, एवढाच धागा. १८९२ मध्ये त्यांना साऊथ लाँगफर्डमधून उभं केलं गेलं, ते जिंकले आणि १९०७ पर्यंत खासदार राहिले. त्याच १८९२ च्या निवडणुकीत लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून दादाभाई नौरोजी अगदी मोजक्या मतांनी जिंकले होते. त्याआधी दादाभाईंना एखाद्या आयरिश जागेवरून निवडून आणावं, अशी कल्पना मायकेल डेविट या आयरिश नेत्याने मांडली होती. पक्षाचे नेते पार्नेल यांनी ती मानली नाही. नाहीतर दादाभाईंच्या नावापुढे कदाचित असाच एखादा आयरिश मतदारसंघ दिसला असता.

पण ही सोय पक्षाला नंतर महागात पडली. आयर्लंडच्या ग्रामीण भागात अनेक ठिकाणी लढतच होत नसे, उमेदवार बिनविरोध जाई. दारोदार फिरायची, मतदार बाहेर काढायची सवयच मोडली. वरून भक्कम दिसणारी ही यंत्रणा आतून गंजत होती. ते उघडं पडायला १९१७ उजाडावं लागलं.

१९१७ : एक जागा रिकामी होते

एप्रिल १९१७ मध्ये इथले खासदार जॉन फिलिप्स यांचं निधन झालं आणि पोटनिवडणूक लागली. वर्षभरापूर्वीच डब्लिनमध्ये ईस्टरच्या आठवड्यात सशस्त्र उठाव झाला होता. ब्रिटिश लष्कराने तो मोडून काढला आणि मे १९१६ मध्ये १५ जणांना गोळ्या घातल्या. उठाव झाला तेव्हा डब्लिनचे बरेच लोक बंडखोरांवर चिडले होते. गोळ्या घालण्याच्या बातम्या रोज थोड्याथोड्याने येत गेल्या, तशी हवा फिरली.

फेब्रुवारी १९१७ मध्ये नॉर्थ रॉसकॉमनच्या पोटनिवडणुकीत त्याचा पहिला झटका बसला. गोळ्या घातलेल्यांपैकी एका तरुणाचे वडील, काउंट प्लंकेट, तिथून जिंकले आणि जिंकल्यावर म्हणाले की, लंडनला जाणार नाही. मात्र तो विजय दुःखात असलेल्या बापाला मिळालेली सहानुभूती म्हणून बाजूला सारता येत होता. साऊथ लाँगफर्ड ही खरी परीक्षा होती.

शिन फेनने उमेदवार म्हणून निवडलं जोसेफ मॅकगिनेस यांना. डब्लिनमधले कापड दुकानदार, उठावात सामील झालेले आणि त्या वेळी इंग्लंडमधल्या लुईस तुरुंगात शिक्षा भोगत असलेले.

यात एकच अडचण होती. मॅकगिनेस यांना उभंच राहायचं नव्हतं.

तुरुंगातले कैदी, आणि त्यांचे नेते ईमन डी व्हॅलेरा, या निवडणुकीच्या विरोधात होते. त्यांचा हिशोब साधा होता. ब्रिटिश संसदेची निवडणूक लढवणं म्हणजे तिला मान्यता देणं. आणि हरलो, तर उठावाच्या नावाने मिळालेली इज्जतही जाणार. मॅकगिनेस यांनी नकार कळवला. बाहेर असलेल्या मायकेल कॉलिन्स या २६ वर्षांच्या तरुणाने तो बाजूला ठेवला आणि त्यांचं नाव पुढे रेटलं. पुढे आयर्लंडच्या स्वातंत्र्ययुद्धातला सर्वात गाजलेला चेहरा ठरलेला हा माणूस इथे फक्त एक हट्टी संघटक होता. उमेदवाराच्या इच्छेविरुद्ध उमेदवारी देणं लोकशाहीत कितपत बसतं, हा प्रश्न तेव्हा फार कुणी विचारला नाही.

प्रचाराची घोषणा मात्र भन्नाट होती. पोस्टरवर कैद्याच्या कपड्यातला माणूस आणि मजकूर असा की, याला आत पाठवा म्हणजे तो बाहेर येईल. आत म्हणजे संसदेत, बाहेर म्हणजे तुरुंगातून. गंमत म्हणजे ज्या ‘आत’ पाठवायचं होतं, तिथे जायचा पक्षाचा विचारच नव्हता.

समोर कोण होतं?

समोर आयरिश पार्टीचे पॅट्रिक मॅकेना. स्थानिक, ओळखीचे, शिवाय तिथल्या बिशपचा पाठिंबा. पण त्यांच्या नावावर शिक्कामोर्तब व्हायलाच वेळ लागला. पक्षातले एकाहून अधिक इच्छुक अडून बसले होते आणि शेवटी नेते जॉन रेडमंड यांना मध्ये पडावं लागलं. जॉन डिलन, जो डेव्हलिन असे पक्षाचे मोठे नेते लाँगफर्डमध्ये तळ ठोकून होते.

या पक्षाकडे आणखी एक मतांबाहेरची ताकद होती. पहिलं महायुद्ध सुरू होतं, हजारो आयरिश पुरुष ब्रिटिश सैन्यात लढत होते आणि त्यांच्या बायकांना सरकारकडून दर आठवड्याला भत्ता मिळत होता. लाँगफर्ड तर छावणीचं गाव. शिन फेनचे कार्यकर्ते गावात आले की, या बायका त्यांच्या अंगावर धावून जात. नवरा फ्रान्सच्या खंदकात, घर त्या भत्त्यावर, आणि हे लोक त्याच सैन्याविरुद्ध बंदूक उचलणाऱ्याला मत मागतायत. त्यांचा राग समजण्यासारखा होता. मताचा अधिकार मात्र त्यांना नव्हता, कारण तेव्हा संसदेसाठी कोणत्याच बाईला मत नव्हतं.

मतदानाच्या तोंडावर डब्लिनचे आर्चबिशप विल्यम वॉल्श यांचं एक पत्र छापून आलं. आयर्लंडच्या फाळणीचा धोका टळला असं कुणी समजत असेल तर तो भ्रमात आहे, देश जवळपास विकला गेला आहे, असा त्याचा सूर होता. रेडमंड यांनी वर्षभरापूर्वी उत्तरेकडचा भाग तात्पुरता वेगळा ठेवायला होकार दिला होता, त्यावर हा थेट घाव होता. शिन फेनने पत्राची पत्रकं करून वाटली. एवढ्या कमी फरकाच्या लढतीत या पत्राने निकाल फिरवला असं मानायला जागा आहे.

३७ मतं

९ मे १९१७ ला मतदान झालं. पहिल्या मोजणीत मॅकेना पुढे असल्याचं दिसलं, त्यांच्या समर्थकांनी जल्लोषही सुरू केला. मग मतपत्रिकांचा एक गठ्ठा मोजायचा राहिल्याचं लक्षात आलं. फेरमोजणी झाली आणि आकडा आला, मॅकगिनेस १,४९८, मॅकेना १,४६१. फरक ३७.

निवडणूक अधिकाऱ्याला पिस्तूल दाखवून फेरमोजणी करायला लावली, अशीही एक गोष्ट नंतर सांगितली गेली. आयरिश राजकारणात अशा गोष्टींना तोटा नाही. ती तेवढ्यावरच ठेवलेली बरी.

दोघांची मिळून मतं तीन हजारांच्या आतच. पण परिणाम बघा. ‘मँचेस्टर गार्डियन’ने या निकालाची तुलना रणांगणावरच्या ब्रिटिश पराभवाशी केली. जूनमध्ये सरकारने उठावातल्या कैद्यांना सोडलं. पोस्टरवरचं वाक्य खरं ठरलं. आणि निवडणुकीला विरोध करणारे डी व्हॅलेरा बाहेर आल्याआल्या स्वतःच ईस्ट क्लेअरच्या पोटनिवडणुकीत उतरले. १० जुलैला त्यांनी ५,०१० विरुद्ध २,०३५ मतांनी ती जिंकली. लाँगफर्ड हरलं असतं तर ते उतरले असते का, याची शंकाच आहे.

पुढच्याच वर्षी मतदार यादी बदलली. २१ वर्षांवरच्या जवळपास सर्व पुरुषांना आणि ३० वर्षांवरच्या, मालमत्तेची अट पूर्ण करणाऱ्या बायकांना मत मिळालं. लाँगफर्डचे दोन तुकडे एक झाले. डिसेंबर १९१८ मध्ये मॅकगिनेस पुन्हा उमेदवार होते, आणि पुन्हा तुरुंगात. यावेळी त्यांना ११ हजारांहून जास्त मतं मिळाली. देशभरात शिन फेनने १०५ पैकी ७३ जागा घेतल्या, आयरिश पार्टीला मिळाल्या फक्त ६. हे खासदार लंडनला गेले नाहीत. २१ जानेवारी १९१९ ला डब्लिनमध्येच त्यांनी स्वतःची संसद भरवली. तिचं नाव ‘डॉल’. हजर होते २७, बाकीचे बहुतेक तुरुंगात.

म्हणजे १९१९ चा बहिष्कार नुसता बहिष्कार नव्हता. एक सभागृह नाकारताना दुसरं उभं केलं होतं. आजच्या सात खासदारांशी तुलना करताना हा फरक अनेकदा सुटतो.

तुरुंगातून निवडणूक, पुन्हा एकदा

१९८१ मध्ये उत्तर आयर्लंडच्या तुरुंगात कैद्यांचं उपोषण सुरू होतं. एप्रिलमध्ये उपोषणकर्ते बॉबी सँड्स फर्मॅना आणि साऊथ टायरोनमधून ब्रिटिश संसदेवर निवडून आले आणि ५ मे रोजी तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला. यानंतर ब्रिटनने कायदाच केला की, एक वर्षाहून जास्त शिक्षा भोगत असलेल्या कैद्याला उमेदवार होता येणार नाही. १९१७ चा डाव पुन्हा खेळता येऊ नये, याची सोय. त्याच जूनमध्ये स्वतंत्र आयर्लंडच्या निवडणुकीत मार्टिन हर्सन हे उपोषणकर्ते लाँगफर्ड-वेस्टमीथमधून उभे होते. तो लाँगफर्डचाच परिसर, पण यावेळी लाँगफर्डने कैद्याला निवडलं नाही. जुलैत हर्सन यांचाही उपोषणात मृत्यू झाला.

मग आज लंडनला न जाण्यात काय अर्थ?

डॉलमध्ये बसायचं शिन फेनने १९८६ मध्ये मान्य केलं. उत्तर आयर्लंडच्या विधानसभेत तर २०२४ पासून त्यांच्या मिशेल ओ’नील फर्स्ट मिनिस्टर आहेत. फक्त लंडन वर्ज्य. ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घेणार नाही, आणि आयर्लंडचे निर्णय लंडनने घेऊ नयेत, हे म्हणून तर लोक आम्हाला मत देतात, हा पक्षाचा युक्तिवाद.

त्याची किंमत दिसली ती १ एप्रिल २०१९ ला. ब्रेक्झिटनंतरही ब्रिटनने युरोपीय संघाबरोबर कस्टम्स युनियन ठेवावी, असा प्रस्ताव संसदेत मताला आला. आयर्लंडच्या दोन भागांमधली सीमा खुली राहण्यासाठी याला मोठं महत्त्व होतं. प्रस्तावाच्या बाजूने २७३, विरोधात २७६. तीन मतं कमी पडली. शिन फेनचे तेव्हाही सातच खासदार होते.

तो प्रस्ताव बंधनकारक नव्हता, तेव्हा सात मतांनी सगळं बदललं असतं असं म्हणणं धाडसाचं ठरेल. पण काही मतदारांनी याचा हिशोब केलाच. डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत डेरी शहराच्या फॉइल मतदारसंघात शिन फेनने आपली जागा १७ हजारांहून अधिक मतांनी गमावली. जिंकणारे कोलम ईस्टवुडही आयर्लंडच्या एकीकरणाच्याच बाजूचे. फरक एवढाच की, निवडून आलो तर लंडनला जाऊन बसेन, असं ते सांगत होते. एकूण मात्र शिन फेनच्या जागा सातच राहिल्या. २०२४ मध्येही सातच.