व्यापाऱ्यांचा अर्ज आणि आमचा अर्ज

नागपुरांतील धरमपेठेच्या शेजारींच सिव्हिल लाइन्स ही वस्ती आहे. तेथें विधानभवन आहे, हायकोर्ट आहे, कलेक्टरकचेरी आहे. आमचा शेतकरी तेथें जातो तो जमिनीच्या तंट्यासाठीं, नाहीं तर मोर्च्यांतून. त्याच वस्तींत दोन कचेऱ्या अशा आहेत कीं, त्यांच्या पाट्या आमच्यापैकीं फार थोड्यांनीं वाचल्या असतील. एक नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्स, म्हणजे व्यापाऱ्यांचें मंडळ. तें १९४४ सालीं निघालें. दुसरी विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन, म्हणजे कारखानदारांचें मंडळ. तें १९६३ सालचें. येथें धान्याचें एक पोतेंही विकलें जात नाहीं. सरकार कोणता कर बसविणार, कोणता नियम बदलणार, हें आधीं हेरावें, आणि तो आपल्या सोयीचा करून घ्यावा, हें येथलें मुख्य काम. या कामाची रीत समजून घेतल्यावांचून शेतकरी व कारागीर यांचा निभाव लागणार नाहीं, असें आमचें मत आहे.

एक ताजा इतिहास पाहा. १ एप्रिल २०१३ पासून नागपूर शहरांत जकात गेली व तिच्या जागीं स्थानिक संस्था कर आला. लोक त्याला एलबीटी म्हणत. जकात नाक्यावर भरली जाई. हा कर व्यापाऱ्यानें आपल्या वह्यांवरून हिशेब करून भरावयाचा होता. महापालिकेचा अंमलदार दुकानांत येऊन वह्या उलगडणार, हा जाच आहे, असें व्यापारी म्हणाले. त्यांच्या म्हणण्यांत तथ्य नव्हतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्यांनीं काय केलें तें ध्यानांत घ्या. राज्यभर दुकानें बंद ठेवलीं. आणि बंद संपल्यावर ते घरीं निजले नाहींत. निवेदनें दिलीं, मंत्र्यांच्या भेटी घेतल्या, २०१४ ची निवडणूक येतांच हा प्रश्न पक्षांच्या वचनांत घालून घेतला. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींहून कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांचा हा कर उठला. महापालिकांना पडलेली तूट राज्याच्या तिजोरींतून अनुदान देऊन भरावी लागली. ती तिजोरी कोणाची? साबणाच्या वडीवर कर भरणाऱ्या मजूरबाईचा पैसाही तींत आहे. तिला त्या वाटाघाटींत कोणीं विचारलें?

दुसरें उदाहरण विजेचें. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणें दर ठरविण्यापूर्वीं नियामक आयोगानें लोकांच्या सूचना व हरकती विचारांत घ्याव्या लागतात. हा दरवाजा सर्वांना उघडा आहे. ग्राहकांच्या वतीनें बोलण्यासाठीं आयोगाच्या निकालांत वर्षानुवर्षें ज्या चार संस्थांचीं नांवें आलीं, त्यांत नागपूरची ही इंडस्ट्रीज असोसिएशन व ठाणे-बेलापूरच्या कारखानदारांचें मंडळ हीं दोन आहेत. बाकीच्या दोन, पुण्याची प्रयास व मुंबई ग्राहक पंचायत, सर्वसाधारण ग्राहकांची बाजू मांडणाऱ्या. शेतपंपवाल्याची स्वतःची अशी त्या चौघांत एकही नाहीं. ज्या पंपांना मीटर नाहीं त्यांचा वीजवापर अंदाजानें धरतात. तो अंदाज फुगवून गळती झाकली जाते, असा आक्षेप ग्राहक संघटनांनीं सुनावण्यांत घेतला. म्हणजे आमच्या नांवावर चढविलेल्या युनिटांचा हिशेब आमच्यासाठीं दुसऱ्यांनीं मागावा लागला!

आणि आमचें हित व त्यांचें हित समोरासमोर येतें तेव्हां काय होतें? हमीभावाखालीं माल घेणाऱ्या व्यापाऱ्यास एक वर्ष कैद व पन्नास हजार रुपये दंड, असा कायदा करण्याचें ऑगस्ट २०१८ मध्यें राज्याच्या मंत्रिमंडळानें ठरविलें. मूग-उडदाचा हंगाम तोंडावर होता. व्यापाऱ्यांनीं ठिकठिकाणच्या बाजार समित्यांत खरेदी थांबविली. असा कायदा अजून झालेलाच नाहीं, असा खुलासा सरकारनें केला आणि तें कलम तेथेंच राहिलें. व्यापाऱ्याला महिनाभर थांबतां येतें. कर्ज काढून पेरलेल्या शेतकऱ्याला आठवडाही थांबतां येत नाहीं. खरें बळाबळ यांत आहे.

तरी व्यापारी मंडळ म्हणजे सदा आमचा वैरी, असें समजणें चूक होईल. कापडावरचा जीएसटी पांचावरून बारा टक्के होणार होता. कापड व्यापारी, यंत्रमागवाले व कांहीं राज्य सरकारें यांनीं विरोध केल्यावर ३१ डिसेंबर २०२१ रोजीं ती वाढ थांबली. त्यांत विणकराचेंही हित झालें. पण त्याच वेळीं स्वस्त चपला-जोड्यांवरचा कर बारा टक्के झाला तो झालाच. तो पांचावर येण्यास सप्टेंबर २०२५ उजाडावें लागलें. एका दिवशींच्या दोन वाढी. एक टळली, दुसरी पावणेचार वर्षें अनवाण्यांनीं सोसली.

कोणी म्हणेल, हा सारा पैशाचा खेळ आहे. पैशानें दारें उघडतात हें खरेंच. हिवाळी अधिवेशन भरतें तेव्हां आमचे मोर्चे यशवंत स्टेडियमवरून निघतात व कठड्यापाशीं अडतात. शिष्टमंडळें तारीख घेऊन दालनांत बसतात. मार्च २०१८ मध्यें शेतकरी व आदिवासी नाशिकहून मुंबईपर्यंत पायीं गेले, पायांना फोड आले, तेव्हां सरकारनें लेखी आश्वासन दिलें. परंतु पैशाइतकेंच महत्त्व रीतीला आहे, आणि रीत शिकण्यास भांडवल लागत नाहीं.

शाळामास्तर म्हणून मी मुलांना अर्ज लिहावयास शिकवितों, आणि त्यांचे बाप माझ्याकडे अर्ज लिहून घ्यावयास येतात. त्या अर्जांत काय असतें? ‘मी गरीब आहे, साहेबांनीं दया करावी.’ एका घराचें गाऱ्हाणें आणि एका साहेबाची मर्जी! व्यापारी मंडळाच्या निवेदनांत दयेची भाषा नसते. अमुक अधिसूचना, तिचें अमुक कलम, त्यानें धंद्याला इतका भुर्दंड, सबब कलम असें बदलावें. आणि बदललेला मजकूर सोबत जोडलेला. अंमलदाराला तो उतरून घेण्याइतकेंच काम उरतें. शिवाय निवेदन मुदतींत जातें, त्याची पोंच ठेवली जाते, आणि उत्तर येईपर्यंत माणूस खेटे घालतो. वर्गणींतून त्या माणसाचा पगार निघतो.

ही विद्या आमच्या घराण्यांत नवी नाहीं. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन ठेवलें तें दयेचें नव्हतें. शिक्षणाचा खर्च रयतेच्या घामाचा आणि लाभ वरच्या वर्गांचा, हा रोखठोक हिशेब त्यांत होता. नारायण मेघाजी लोखंड्यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या गिरणीकामगारांच्या साडेपांच हजार सह्यांचा अर्ज केला; १८९० सालीं रविवारची सुटी मिळाली. मध्यंतरीं सहा वर्षें नेट सोडला नाहीं, हें विसरूं नका.

तेव्हां करावें काय? दर गांवांत एका शिकलेल्या मुलानें किंवा मुलीनें सरकारी मसुदे व हरकतींच्या मुदती पाहण्याचें काम पत्करावें. पेरणीपासून विक्रीपर्यंतचा खर्च दहा घरांनीं वहींत लिहावा. आकडा नसलेलें गाऱ्हाणें कचेरींत टिकत नाहीं. ग्रामसभेंत ठराव करून तालुक्यांतील पांच-पंचवीस गांवांचे ठराव एकत्र धाडावे. कुणबी, कोष्टी, चांभार, सुतार यांनीं वेगवेगळ्या दारीं उभें न राहतां, जेथें हित एक तेथें एक कागद करावा. वर्गणी थोडी असो, पण दरमहा असो.

आणि सरकारला आमचें सांगणें इतकेंच: व्यापारी मंडळांचें जरूर ऐका, तो त्यांचा हक्क आहे. पण कोणीं काय मागितलें आणि तुम्ही काय दिलें, तें कागद लोकांपुढें मांडा. बंद दालनांत ठरलेला कर उघड्या बाजारांत आम्हीच भरतों.