मोटारसायकल: इंजिन पास, बाकी नापास

वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना आला. पुढे गंगापूर-पैठणकडच्या गावागावांत दारात बैलजोडीच्या शेजारी मोटारसायकल उभी राहिली. त्यातल्या कितीतरी आज म्हाताऱ्या झाल्या आहेत. कायद्याने खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची; पुढे दर ५ वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून ती वाढवून घ्यावी लागते.

"एका किकात सुरू होते, मग तपासायचं काय?" हा पारावरचा हमखास सवाल. पण निरीक्षक नुसती किक पाहत नाही. दुधाचे कॅन नि चाऱ्याचे भारे वाहून मागचं टायर गोटा झालेलं, ब्रेकचे लायनर संपलेले, मागचा दिवा फुटका, आरसे तर कधीच काढून ठेवलेले. गाडी अडते ती इथं. त्याहून अवघड चेसिस नंबरचं. चिखल नि गंजाखाली तो वाचताच आला नाही, तर पुस्तकाशी जुळवायचा कसा? डिझेलच्या बोळ्यानं आधी पुसून घ्यावा. पॉलिश पेपरनं मात्र घासू नये. खाडाखोडीचा संशय येतो.

नूतनीकरणाची फी २०२२ मध्ये ३०० वरून १,००० रुपये झाली. २० वर्षांपुढच्या गाडीला २०२५ पासून २,०००. जुनी गाडी विकून तरी किती येतात? म्हणून लोक टाळतात. पण अपघात झाला, की विमा कंपनी आधी नोंदणीची तारीख पाहते. तात्पुरती नोंदणी संपलेल्या एका वाहनाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली याच कारणाने नाकारली होती.