गॅस संपत नसतो, निसटतो

एप्रिल उजाडला की रत्नागिरीत मांडवीपासून मारुती मंदिरापर्यंत एक वाक्य घरोघर ऐकू येऊ लागते : “गॅस संपला आहे, भरून घ्यावा लागेल.” वातानुकूलन यंत्र पाहायला आलेला कारागीर ते सहज बोलून जातो, घरमालक तितक्याच सहजपणे मान डोलावतो आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच संवाद व तोच खर्च पुन्हा होतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरची सवय झालेल्या समाजाला यात काही वावगे वाटू नये, हे साहजिकच आहे. वस्तुतः सारी गफलत त्या एका वाक्यात दडलेली आहे. चुलीतला गॅस जळतो म्हणून संपतो. शीतयंत्रातला गॅस जळत नाही आणि झिजतही नाही. बंद नळ्यांतून फिरत तो खोलीतील उष्णता उचलतो व बाहेर नेऊन टाकतो. यंत्राच्या आयुष्यभर मूळचाच गॅस पुरावा, अशीच त्याची रचना असते. तो कमी झाला याचा अर्थ त्याला कोठेतरी बाहेरची वाट सापडली आहे. ती वाट न बुजवता नवा गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय.

ही वाट बहुधा कोठे सापडते, हेही गूढ नाही. घरातील फ्रिजचे सांधे कारखान्यातच झाळून बंद केलेले असतात, त्यामुळे तो वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतो. भिंतीवरच्या ‘स्प्लिट’ यंत्राचे तसे नाही. त्याचा एक भाग खोलीत, दुसरा बाहेर. दोहोंना जोडणाऱ्या तांब्याच्या दोन नळ्या आणि त्यांच्या टोकांचे चार सांधे कारागिराला जागेवरच करावे लागतात. म्हणजे दुकानातून आलेले यंत्र कितीही नामांकित असो, त्याचे अखेरचे काम कारखान्यात न होता शिडीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातून होते. त्या चार सांध्यांवर पुढचे सारे अवलंबून राहते.

या सांध्याला ‘फ्लेअर’ म्हणतात. नळीचे तोंड तुतारीच्या मुखासारखे ४५ अंशांत उमलवायचे, ते पितळी जोडाच्या तशाच उताराच्या टोकावर बसवायचे आणि पितळी नटाने आवळायचे. आगीची गरज नाही, पडद्यांना धोका नाही, हवे तेव्हा उघडताही येते. सोयीमुळेच ही रीत रूढ झाली. मात्र तिच्यात मध्ये ना रबर असते ना गोंद. तांबे पितळेवर धातूला धातू चिकटून बसते, एवढाच काय तो बंदोबस्त. त्यामुळे केसाएवढा ओरखडाही येथे पुरेसा होतो. नळी करवतीने न कापता फिरत्या कटरने, हळूहळू दाब वाढवत कापावी लागते. कापल्यावर आतल्या कडेला जी धार उरते ती खरवडून काढताना नळीचे तोंड खाली धरावे लागते, नाहीतर तांब्याचा कीस आत पडतो आणि पुढे कॉम्प्रेसरपर्यंत जातो. धार मुळीच काढली नाही तर उमललेल्या तोंडावर ती दुमडून बसते. फार खरवडली तर कड पातळ होऊन चिरते. नट आधी नळीवर चढवायचा असतो, ही गोष्ट विसरून सुंदर फ्लेअर केल्यावर कपाळाला हात लावणारे नवशिके प्रत्येक कार्यशाळेत सापडतील. साच्यातून नळी किती वर ठेवायची याला मिलिमीटरच्या अंशांचा हिशेब असतो आणि जुन्या व नव्या हत्यारांचा हिशेब सारखा नसतो. उमललेले तोंड सर्व बाजूंनी सारख्या रुंदीचे, गुळगुळीत आणि चकचकीत दिसले पाहिजे. तसे दिसले नाही तर ते कापून टाकून पुन्हा करायचे.

आणि मग येते आवळणे. येथे भल्याभल्यांचे चुकते, कारण जोर म्हणजे पक्केपणा ही समजूत हाडीमाशी खिळलेली आहे. पाव इंची नळीचा नट साधारण १५ न्यूटन-मीटर जोराने आवळायचा असतो, अर्ध्या इंचीचा ५० ते ६०. हा फरक मनगटाला नेमका कळत नाही. त्यासाठी जोर मोजणारा पाना लागतो, आणि नळी पिळली जाऊ नये म्हणून दुसरा पाना जोडावर धरावा लागतो. प्रमाणाबाहेर आवळलेला फ्लेअर दोन पृष्ठभागांत चिरडून पातळ होतो. त्या दिवशी तो गळत नाही. तो गळतो पुढच्या वर्षी, कारागीर निघून गेल्यावर.

पूर्वीच्या आर-२२ या गॅसच्या काळात थोडी ढिलाई खपून जात असे. आज प्रचलित असलेल्या आर-४१०ए व आर-३२ या वायूंचा दाब त्याच्या दीडपटीहून अधिक आहे. बाहेर ३५ अंश तापमान असेल तर यंत्र बंद असतानाही या नळ्यांतला दाब वीस बारच्या घरात, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या आठ-नऊपट असतो.

मांडवीच्या बाबतीत यात आणखी एका गोष्टीची भर पडते, ती येथील हवेची. काळ्या वाळूच्या या किनाऱ्यावरून येणारे खारे वारे यंत्राच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांचा भुगा करतात, हे डोळ्यांना दिसते. गळती कधी कधी तेथूनही होते, आणि तो दोष सांध्याच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. न दिसणारी गोष्ट पितळी नटांची आहे. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील लष्कराच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप चिरा पडत. काडतुसे घोड्यांच्या पागांजवळ ठेवलेली असत. त्या चिरांचे कारण १९२१ साली ब्रिटनमधील संशोधकांनी उलगडले : घडवताना पितळेत राहिलेला ताण आणि पागेतील मूत्रातून सुटणारा अमोनिया, या दोहोंच्या संगतीने धातू फुटत होता. ताणाखाली असलेले पितळ, ओलावा आणि अमोनिया हे त्रिकूट आजही तितकेच घातक आहे. जवळच मिरकरवाड्याचे मासेमारी बंदर आहे. कुजणाऱ्या मासळीतून अमोनिया सुटतो. बर्फाच्या कारखान्यांत तर सामान्यतः अमोनियाच शीतवायू म्हणून वापरतात आणि म्हणून तेथे तांबे-पितळ टाळून पोलादी नळ्या घालतात. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या गावी गरजेपेक्षा जास्त आवळलेला नट म्हणजे त्या काडतुसाचाच भाऊ. पुण्यात निभावून जाणारा सांधा येथे निभावेलच असे नाही.

मग दोष कोणाचा? कारागिराकडे बोट दाखवणे सर्वांत सोपे आहे आणि म्हणूनच ते सर्वत्र होते. पण त्याचा दिवस कसा जातो, हेही पाहिले पाहिजे. ऐन हंगामात त्याला दिवसाला अनेक घरे उरकायची असतात आणि मोबदला सांध्यागणिक न मिळता यंत्रागणिक मिळतो. नायट्रोजनचे सिलिंडर दोन जिने चढवून न्यायचे, दाब भरून नुसते थांबायचे, साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधायचे, मग पंपाने नळीतली हवा व ओल ओढून काढायची, हे सारे करण्यात निम्मा दिवस जातो. त्या वेळेचे पैसे मागितले तर घरमालक विचारतो, “नुसते बसण्याचे पैसे?” उलट गॅस भरण्याचे पैसे तो निमूटपणे देतो, कारण सिलिंडर त्याला दिसते. ज्या बाजारात चांगल्या सांध्याला दाम नाही आणि गळक्या सांध्याला दरवर्षी दाम आहे, त्या बाजारात चांगला सांधा दुर्मीळ व्हावा यात नवल ते काय? नायट्रोजनचा खर्च वाचवण्यासाठी यंत्रातलाच थोडा गॅस सोडून नळीतली हवा हुसकावण्याची रीत याच बाजाराने रूढ केली. त्या रीतीने ओल जात नाही, आणि नव्या वायूंसोबतचे तेल ओल झपाट्याने शोषून घेते.

निसटलेल्या गॅसचे पुढे काय होते, हा प्रश्न आता घराच्या भिंतीपुरता राहिलेला नाही. आर-२२ ओझोनच्या थराला अपाय करतो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानुसार तो हद्दपार होत आहे. त्याच्या जागी आलेले वायू ओझोनला धक्का लावत नाहीत, पण पृथ्वी तापवतात. आर-४१०ए वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट, आर-३२ सुमारे पावणेसातशे पट. २०१६ साली किगाली येथे झालेली दुरुस्ती भारताने २०२१ मध्ये मान्य केली. तिच्यानुसार या वायूंचा वापर २०२८ पासून गोठवायचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवायचा आहे. शिवाय आर-३२ काही प्रमाणात ज्वलनशील आहे, आणि काही यंत्रांत वापरला जाणारा प्रोपेन तर उघडच ज्वालाग्राही. यापुढे गळका सांधा हा केवळ खर्चाचा विषय राहणार नाही.

उपाय फार दूरचे नाहीत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील या विषयाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाकडे दहावीनंतर अन्यत्र प्रवेश न मिळालेल्यांची सोय म्हणून पाहण्याची खोड शिक्षकांनी प्रथम सोडावी. प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याने केलेला सांधा नायट्रोजन भरून पाण्यात बुडवावा आणि गुण बुडबुड्यांनी ठरवावेत. यंत्र विकणाऱ्यांनी सांध्याच्या तपासणीचा खर्च बिलात वेगळा दाखवावा, म्हणजे तो कशाचा आहे ते ग्राहकाला कळेल.

परंतु सर्वांत मोठा ग्राहक म्हणजे शाळा, बँका, दवाखाने आणि सरकारी कचेऱ्या. तेथील संगणकांच्या खोल्यांतील यंत्रांच्या देखभालीच्या निविदा कोणी ना कोणी लिपिक तयार करतो आणि त्यांत ‘गॅस भरण्यासह’ ही शब्दयोजना वर्षानुवर्षे जशीच्या तशी उतरवली जाते. त्या जागी असे लिहिता येईल : गॅस कमी आढळल्यास आधी गळतीची जागा शोधून लेखी नोंदवावी, सुटलेला फ्लेअर पुन्हा न वापरता नवा करावा, उत्पादकाने सांगितलेल्या दाबाने नायट्रोजन भरून रात्रभर ठेवावा, सकाळी काटा कार्यालयातील जबाबदार व्यक्तीस दाखवावा आणि त्यानंतरच गॅस भरावा. रात्रीच्या गारव्याने काटा किंचित उतरतो, एवढे तेवढे त्या व्यक्तीला आधी सांगून ठेवावे लागेल.